निष्ठेची परीक्षा आणि विस्मरण

साहित्यसमीक्षा म्हटली की कथा, कादंबरी, कविता आणि नाटक यांचाच विचार करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु समाजाच्या मनावर खोल ठसा उमटविणारे लेखन पुष्कळदा या चार दालनांच्या बाहेर असते. पत्रके, व्यंगचित्रे, वृत्तपत्रांतील अनावृत पत्रे, निवडणुकीतील भाषणे यांना सहसा कोणी वाङ्मय म्हणत नाही. तथापि त्यांच्यामुळे माणसे एकमेकांची घरे जाळतात आणि त्यांच्यामुळेच कधीकधी भानावरही येतात. अशा लेखनाचीही समीक्षा झाली पाहिजे. ते काय दाखविते आणि काय झाकते, त्यातला प्रामाणिक प्रश्न कोणता आणि बनाव कोणता, हे शांतपणे तपासले पाहिजे.

या लेखापुरता मी एकच विषय घेतो : बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या माणसाची राष्ट्रनिष्ठा. देशही एकच घेतो : अमेरिका. या देशात हा वाद जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे, त्याचे लेखी पुरावे विपुल आहेत आणि दीर्घ काळ या वादातील एक प्रमुख आरोपी कॅथलिक माणूस होता. ज्याच्यावर संशय घेतला गेला तो आपल्याच श्रद्धेचा असल्यामुळे हे वाङ्मय आपण आरोपीच्या बाजूने वाचू शकतो. मात्र ते शेवटपर्यंत वाचले तर आणखीही एक गोष्ट दिसते, आणि ती तितकीशी सुखद नाही.

भयाचे वाङ्मय

११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथील उर्सुलाईन धर्मभगिनींचे कॉन्व्हेंट जमावाने जाळले. तेथील शाळेत शिकणाऱ्या मुलींपैकी बहुसंख्य प्रॉटेस्टंट घरांतील होत्या, हे विशेष. खटला झाला. शिक्षा एकाच तरुणाला झाली आणि पुढे त्यालाही माफी मिळाली. हात चालण्यापूर्वी जिभा चालल्या होत्या. लायमन बीचर या नामवंत प्रवचनकाराने त्याच दिवसांत बॉस्टनमध्ये कॅथलिकांच्या धोक्यावर प्रवचने दिली होती.

पुढच्याच वर्षी, १८३५ मध्ये, एक पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याविरुद्ध परकीयांचे कारस्थान चालू आहे, असा त्याचा विषय होता. लेखक होते सॅम्युएल मॉर्स, म्हणजे पुढे तारायंत्रामुळे जगप्रसिद्ध झालेले तेच मॉर्स. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ऑस्ट्रियाचे सम्राट आणि त्यांचे मंत्री मेटरनिख यांना लोकशाहीचा नाश करावयाचा आहे, त्यासाठी व्हिएन्नातील लिओपोल्डाइन संस्थेमार्फत अमेरिकेतील कॅथलिकांना पैसा पुरविला जातो, येशूसंघीय धर्मगुरू हे या कटाचे हस्तक आहेत आणि बोटीबोटींनी येणारे अडाणी कॅथलिक हे त्यांचे सैन्य आहे.

समीक्षकाने येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. लिओपोल्डाइन संस्था काल्पनिक नव्हती. ती १८२९ मध्ये स्थापन झाली होती आणि अमेरिकेतील मिशन कार्याला ती खरोखरच पैसा पाठवीत होती. मॉर्स यांनी एक लहान सत्य घेतले आणि त्यावर एक अवाढव्य निष्कर्ष उभा केला. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच. या तर्काला बाहेर पडण्याची वाट नसते. आलेला माणूस अशिक्षित असेल तर तो दुसऱ्याच्या हातचे बाहुले. सुशिक्षित असेल तर वेषांतर केलेला हेर. तो गप्प बसला तर काहीतरी लपवितो. निष्ठेची शपथ वाहिली तर खोटे बोलतो. कोणत्याही उत्तराने समाधान होऊ शकणार नाही, असा प्रश्न विचारणे हे या वाङ्मयाचे पहिले लक्षण होय.

भारतीय वाचकाला हे तर्कशास्त्र अगदीच अपरिचित नाही. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीच्या १९५६ च्या अहवालातही परदेशातून मिशनांकडे येणारा पैसा हा संशयाचा एक प्रमुख आधार होता. पैशाचा हिशेब मागणे हा शासनाचा अधिकार आहे आणि तो चोख देणे हे आपले कर्तव्य आहे. मात्र हिशेबाच्या वहीवरून कोणाच्या अंतःकरणाचा निकाल देता येत नाही.

मॉर्स यांच्या पुस्तकात निदान युक्तिवाद तरी होता. १८३६ मध्ये मारिया मंक या स्त्रीच्या नावाने जे आत्मकथन प्रसिद्ध झाले त्यात तोही नव्हता. माँट्रिअलच्या मठातील कथित अत्याचारांची ती कहाणी होती. विल्यम स्टोन या प्रॉटेस्टंट संपादकाने स्वतः त्या मठात जाऊन पुस्तकातील वर्णनाशी इमारत ताडून पाहिली आणि सारे खोटे असल्याचे जाहीर केले. तरीही पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. वाङ्मयदृष्ट्या पाहिले तर त्यात तळघर आहे, गुप्त वाट आहे, असहाय तरुणी आहे; म्हणजे त्या काळच्या भयकादंबरीची सारी सामग्री आहे. वाचकाला माहिती नकोच होती, त्याला भय हवे होते, आणि ते त्याला सत्यकथेच्या वेष्टनात मिळाले. प्रामाणिक समीक्षेने अशा वेळी विचारावे : हा लेखक ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्यापैकी एकालाही तो ओळखतो काय? स्टोन यांनी जे केले ते अगदी साधे होते. ते मठात जाऊन आले.

गंगेतल्या मगरी

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांतील कितीतरी अमेरिकेच्या बंदरांत उतरली. त्याआधीच, १८४४ मध्ये, सरकारी शाळांत कोणत्या आवृत्तीचे बायबल वाचावे या वादावरून फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्चे जाळली गेली होती. नव्या लोंढ्यामुळे भय अधिक वाढले आणि त्यातून एक गुप्त संघटना व पुढे एक राजकीय पक्ष उभा राहिला. सदस्याला संघटनेविषयी विचारले तर मला काही ठाऊक नाही, असे त्याने म्हणावयाचे असे. म्हणून लोक त्यांना ‘नो-नथिंग’ म्हणू लागले. नागरिकत्वासाठी एकवीस वर्षे वास्तव्याची अट घालावी आणि परदेशात जन्मलेल्यांना व कॅथलिकांना अधिकारपदे देऊ नयेत, ही त्यांची मागणी होती. १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे विधिमंडळ जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या हाती गेले. ऑगस्ट १८५५ मध्ये लुईव्हिल शहरात निवडणुकीच्या दिवशी झालेल्या दंगलीत निदान वीसजण मारले गेले.

त्याच महिन्यात एब्राहम लिंकन यांनी आपल्या जोशुआ स्पीड या मित्राला एक खासगी पत्र लिहिले. हा पक्ष सत्तेवर आला तर सर्व माणसे समान आहेत या अमेरिकेच्या घोषणेला काळे लोक, परदेशी आणि कॅथलिक वगळून अशी पुस्ती जोडली जाईल. तसे झाले तर आपण रशियात जाऊन राहणे पसंत करू, कारण तेथे निदान ढोंग तरी नाही, असा त्याचा आशय. ज्या माणसाला स्वतःला या संशयाचा स्पर्श झालेला नव्हता त्याने हे लिहिले. काळा मनुष्य, परका मनुष्य आणि कॅथलिक मनुष्य यांना त्याने एकाच ओळीत उभे केले. ही जोडणी लक्षात ठेवावी, कारण खुद्द कॅथलिकांपैकी अनेकांना ती पुढे मान्य झाली नाही.

भयाच्या वाङ्मयातील सर्वांत कलापूर्ण नमुना शब्दांत नाही, चित्रात आहे. ३० सप्टेंबर १८७१ च्या ‘हार्पर्स वीकली’मध्ये टॉमस नॅस्ट यांचे ‘द अमेरिकन रिव्हर गँजिस’ हे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. नदीकिनारी शाळेतील मुले भेदरून उभी आहेत आणि पाण्यातून मगरी त्यांच्या दिशेने सरपटत येत आहेत. नीट पाहिले तर त्या मगरी नाहीत, बिशप आहेत. त्यांच्या मुकुटाची दोन टोके म्हणजेच मगरीचा उघडा जबडा. रेखाटनाची हुशारी नाकारता येत नाही. परंतु शीर्षकाकडे पाहावे. हिंदू माता आपली बालके गंगेत मगरींना अर्पण करतात, अशी चित्रे त्या काळच्या प्रॉटेस्टंट मिशन पत्रकांतून पाश्चात्त्य वाचकांना दाखविली जात. एका परक्या समाजाविषयीच्या त्या भडक चित्राने नॅस्ट यांनी दुसरा परका समाज रंगविला. आयरिश माणसाला परका ठरविण्यासाठी त्यांना आपली गंगा लागली! द्वेषाची प्रतिमा अशी एका अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढविता येते. आणि हे चित्र काढणारे नॅस्ट स्वतः जर्मनीतील लांडाऊ येथे जन्मून बालपणी बोटीने अमेरिकेत आलेले होते.

सासू झालेल्या सुना

या आरोपांना कॅथलिकांनी काय उत्तर दिले? पहिले उत्तर रक्ताचे होते. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर चढाई करताना आयरिश ब्रिगेडचे शेकडो सैनिक पडले. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणांगणावर, तुकडी लढाईत शिरण्यापूर्वी, फादर विल्यम कॉर्बी यांनी गुडघे टेकलेल्या सैनिकांना सामुदायिक पापक्षमा दिली. त्या यादवी युद्धात सुमारे सहाशे धर्मभगिनींनी दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली. ज्यांच्या मठांविषयी घाणेरडी पुस्तके लोकांनी चवीने वाचली होती, त्याच भगिनींनी त्यांच्या मुलांच्या जखमा बांधल्या. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे.

परंतु त्याच जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्क शहरात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली. जमावात आयरिश कामगारांचा भरणा मोठा होता. त्यांनी काळ्या लोकांना रस्त्यात गाठून मारले आणि काळ्या मुलांचे अनाथालय जाळून टाकले. चार्ल्सटाउनचे कॉन्व्हेंट जळाल्याला तीस वर्षेही उलटली नव्हती. पुढे १८७७ मध्ये कॅलिफोर्नियात चिनी मजुरांना देशाबाहेर घालविण्याची हाक देणाऱ्या कामगार पक्षाचा पुढारी डेनिस कर्नी हा आयर्लंडमध्ये जन्मलेला होता आणि तो अमेरिकेचा नागरिक होऊन एकच वर्ष झाले होते. १८८२ मध्ये चिनी कामगारांना बंदी करणारा कायदा झाला. ते स्वस्तात राबतात, आपल्यात मिसळत नाहीत, त्यांची निष्ठा दूरच्या सम्राटाशी आहे, हे जे चिन्यांविषयी म्हटले गेले ते सारे आयरिशांविषयी म्हणून झालेले होते. फक्त पोपच्या जागी सम्राट आला.

आपल्याकडे म्हणतात, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सासुरवास भोगलेली सून स्वतः सासू झाल्यावर तोच जाच पुढे चालविते, हे घराघरांत पाहिलेले सत्य आहे. समाजांचेही असेच घडते. निष्ठेची परीक्षा उत्तीर्ण झालेला परीक्षार्थी पुष्कळदा सर्वांत कडक परीक्षक होतो. या वाङ्मयाचे दुसरे लक्षण विस्मरण होय. आणि मला ते पहिल्याहून अधिक गंभीर वाटते.

विसाव्या शतकात त्याची फळे आपल्या देशबांधवांनाही चाखावी लागली. पंजाबातील भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखल झाले होते. तरीही १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. सैन्याचा गणवेश अंगावर चढविलेल्या माणसाची निष्ठा त्वचेच्या रंगावर अडली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आशियाई लोकांना दार बंद केले आणि इटली व पोलंडसारख्या देशांतून येणाऱ्यांची संख्याही फारच कमी केली. म्हणजे जुने कॅथलिक घरात, आणि नवे कॅथलिक उंबरठ्याबाहेर!

दोन उत्तरे

या पार्श्वभूमीवर दोन कॅथलिक राजकारण्यांची दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार अशी चिन्हे दिसू लागताच एप्रिल १९२७ च्या ‘अटलांटिक मंथली’मध्ये चार्ल्स मार्शल या वकिलाने त्यांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले. मार्शल यांना मारिया मंकच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. त्यांची भाषा सभ्य आहे आणि त्यांनी पोपमहोदयांच्या परिपत्रकांचे आधार दिले आहेत. चर्च आणि राज्य यांत विरोध उद्भवला तर कॅथलिक अध्यक्ष कोणाची आज्ञा पाळील, हा त्यांचा प्रश्न खरा होता. एकोणिसाव्या शतकातील चर्चच्या काही दस्तऐवजांत धर्मस्वातंत्र्याविषयी जी भूमिका होती ती पाहता तो निराधारही नव्हता, हे धर्मगुरू म्हणून मी मान्य केले पाहिजे.

पुढच्याच महिन्यात स्मिथ यांचे उत्तर प्रसिद्ध झाले. ते तयार करण्यात एक यहुदी न्यायाधीश आणि सैन्यातील एक नामवंत कॅथलिक धर्मगुरू यांचे त्यांना साहाय्य झाले होते. या पत्राचे बळ त्याच्या साधेपणात आहे. आपण लहानपणापासून भाविक कॅथलिक आहोत, पण ही परिपत्रके आपल्या कानावरही कधी आली नव्हती, असे ते मोकळेपणाने सांगतात. आपण एकोणीस वेळा अधिकारपदाची शपथ घेतली, संविधान राखण्याचे वचन दिले आणि आपला धर्म व आपले कर्तव्य यांत कधी संघर्ष आला नाही, हे सांगून ते आपल्या कारभाराकडे बोट दाखवितात. मार्शल ग्रंथांतून प्रश्न विचारतात, स्मिथ आयुष्यातून उत्तर देतात. तत्त्वाच्या पातळीवर हे उत्तर अपुरे आहे. माणसाच्या पातळीवर ते पुरेसे होते. तरीही १९२८ च्या निवडणुकीत त्यांचा दारुण पराभव झाला. पराभवाची इतरही कारणे होती, परंतु प्रचारात धर्माचा विखार पुरेपूर होता.

दुसरे उत्तर १२ सप्टेंबर १९६० चे. जॉन केनेडी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर बोलले. वक्तृत्व म्हणून हे भाषण स्मिथ यांच्या पत्राहून कितीतरी सफाईदार आहे. धर्माचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी ते भुकेली मुले, औषधोपचाराला पैसे नसलेले वृद्ध आणि शेती सोडावी लागलेली कुटुंबे यांच्याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधतात. त्याच दिवशी पाहिलेल्या अलामो या टेक्सासच्या वीरभूमीचा उल्लेख करून तेथे पडलेल्यांमध्ये कॅथलिक कोण होते हे कोणालाच ठाऊक नाही, कारण तेथे कोणी धर्म विचारला नव्हता, असे ते म्हणतात. परंतु भाषणाचा खरा गाभा वेगळा आहे. एके काळी व्हर्जिनियात बाप्टिस्ट प्रचारकांचा छळ झाला होता, याची आठवण ते समोरच्या मंडळींना करून देतात. आज संशयाचे बोट कॅथलिकाकडे आहे, पूर्वी ते दुसऱ्याकडे होते आणि उद्या तिसऱ्याकडे वळेल. केनेडी श्रोत्यांपुढे केवळ स्वतःची बाजू मांडीत नाहीत, तर श्रोत्यांची हरवलेली आठवण त्यांच्या हाती परत देतात. विस्मरणावरचे औषध स्मरण हेच आहे, हे त्यांनी अचूक ओळखले.

भाषणात एक उणीव मात्र राहते. अध्यक्षाची श्रद्धा ही त्याची खासगी बाब, असे म्हणताना ते श्रद्धेला देवघरात बसवून बाहेरून कडी लावतात. सदसद्विवेक घरी ठेवून कचेरीत जाता येत नाही. अर्थात पद आणि विवेक यांत संघर्ष आलाच तर आपण पद सोडू, असेही ते सांगतात, आणि त्यामुळे ही उणीव बरीच भरून निघते. तत्त्वाच्या पातळीवरचे उत्तर येशूसंघीय धर्मपंडित जॉन कोर्टनी मरे यांच्यासारख्यांनी घडविले. १९५० च्या दशकात त्यांना याच विषयावर न लिहिण्याची वरिष्ठांकडून सूचना झाली होती. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याची घोषणा संमत केली, तीत त्यांच्या विचारांचा मोठा वाटा होता. मार्शल यांच्या प्रश्नाला चर्चने दिलेले हे उत्तर अडतीस वर्षांनी आले. प्रामाणिक प्रश्नाने चर्चलाही अधिक स्पष्ट बोलावयास लावले, हे आपण कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, अमेरिकेने देशवार कोटा ठरविणारी जुनी पद्धत रद्द केली. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांची मुले तेथे स्थायिक झाली ती याच उघडलेल्या दारातून आत गेली.

आजचा प्रश्न

वाद अर्थातच संपला नाही. २००४ मध्ये सॅम्युएल हंटिंग्टन यांनी ‘हू आर वुई?’ या ग्रंथात जुना प्रश्न नव्या अभ्यासपूर्ण रूपात मांडला. अमेरिकेचा गाभा अँग्लो-प्रॉटेस्टंट संस्कृतीचा आहे. पूर्वीचे स्थलांतरित त्यात मिसळले. मेक्सिकोतून येणारे मात्र शेजारचे, संख्येने मोठे आणि एकाच प्रदेशात एकवटलेले असल्यामुळे मिसळणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. राष्ट्राला समान भाषा आणि समान आठवणी लागतात, हे त्यांचे म्हणणे तुच्छतेने उडवून लावण्यासारखे नाही. मात्र पूर्वीचे लोक सहज मिसळले, हे आज मागे वळून म्हणता येते. १८५५ मध्ये लुईव्हिलच्या रस्त्यावर असे म्हणणारा भेटला नसता. मिसळण्याला तीन-चार पिढ्या लागल्या, आणि त्या काळात केवळ आलेलाच बदलला नाही, घरही बदलले. हंटिंग्टन यांच्या ग्रंथातील हा हिशेब एकाच बाजूने मांडलेला आहे.

२०२५ च्या आरंभी या वादाने आपल्याला अधिक जवळचे वळण घेतले. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स हे प्रौढपणी कॅथलिक झालेले गृहस्थ. स्थलांतरितांविषयीच्या कठोर धोरणाचे समर्थन करताना त्यांनी प्रेमाचा क्रम ही संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील कल्पना पुढे केली. आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव आणि त्यानंतर उरलेले जग. १० फेब्रुवारी रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहिले. गुन्हेगारांपासून समाजाचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार त्यांनी मान्य केला; परंतु कागदपत्रे नसणे म्हणजेच गुन्हेगार असणे, हे समीकरण नाकारले. प्रेमाचा खरा क्रम चांगल्या शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यावर मनन केल्याने सापडतो, असे त्यांनी सुचविले.

दोन्ही मते बाजूबाजूला ठेवून पाहता व्हान्स यांचे म्हणणे पूर्णतः चुकीचे नाही. जवळच्यांविषयीचे कर्तव्य अधिक आहे, असे संत थॉमस खरोखरच शिकवितात. स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवून जगाला जेवण घालणारा मनुष्य धार्मिक नव्हे. परंतु तेच संत थॉमस पुढे सांगतात की परका मनुष्य अत्यंत निकडीच्या संकटात असेल आणि आपला पिता तशा संकटात नसेल, तर आधी परक्याला साहाय्य करावे. अर्धे वाचलेले शास्त्र न वाचलेल्या शास्त्राहून अधिक घातक असते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही तराजूची दोन्ही पारडी आहेत. समर्थ राष्ट्रांनी आपल्या कुवतीनुसार आश्रयार्थ्यांना सामावून घ्यावे, शासनाने त्याला योग्य अटी घालाव्यात आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे व वारसा यांचा आदर राखावा. एक पारडे दाखवून दुसरे झाकणारा लेखक, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्याला पुरते सांगत नाही.

त्याच वर्षी ८ मे रोजी शिकागोत जन्मलेले लिओ चौदावे पोपपदावर निवडले गेले. पोप अमेरिकेवर राज्य करू पाहतात, असे मॉर्स यांनी लिहिल्याला १९० वर्षे झाली होती. घडले ते उलटेच : अमेरिकेनेच रोमला पोप दिला. त्यांच्याजवळ पेरू देशाचेही नागरिकत्व आहे. निवडीनंतर थोड्याच दिवसांत परराष्ट्रांच्या प्रतिनिधींशी बोलताना, आपण स्थलांतरितांचे वंशज असून स्वतःही परदेशी जाऊन राहिलो, असे त्यांनी सांगितले. एका हृदयात दोन देशांना जागा असू शकते, हे सिद्ध करण्यास यापलीकडे प्रमाण ते कोणते?

मग हे सारे वाचून आपण काय शिकावे? आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्या श्रद्धेला परकी म्हणणारे आवाज आपण ऐकले आहेत आणि ते ऐकताना आपले मन दुखावले आहे. आपली मुले आखाती देशांत, कॅनडात, अमेरिकेत परकी म्हणून राहतात. आणि त्याच वेळी वसईसारख्या आपल्या भागात गेल्या काही दशकांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन राहिली आहेत. त्यांच्यामुळे आपली बोली, आपल्या वाड्या, आपले पाणी यांवर ताण पडतो, ही चिंता खरी आहे आणि ती बोलून दाखविण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्या माणसांविषयी आपण घरात, चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात जे बोलतो त्याची भाषा एकदा तपासून पाहावी. तिच्यात माणसांची नावे येतात की केवळ लोंढे येतात? तिच्यात उत्तराला जागा आहे काय? बोलण्यापूर्वी आपण स्टोन यांच्यासारखे त्यांच्या दारापर्यंत एकदा तरी जाऊन आलो आहोत काय?

जुन्या करारात इस्राएल लोकांना परक्यावर प्रेम करण्याची आज्ञा दिली आहे. तिचे कारण फार विचार करण्यासारखे आहे. परका सज्जन आहे, उपयोगी आहे, निष्ठावान आहे, म्हणून प्रेम करा, असे तेथे म्हटलेले नाही. तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता, एवढेच कारण दिले आहे. आज्ञा यजमानाच्या स्मरणावर उभी आहे, पाहुण्याच्या परीक्षेवर नव्हे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांजवळ अशा आठवणी पुष्कळ आहेत. मुंबईत किंवा परदेशात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले, हे त्यांना विचारावे आणि लिहून ठेवावे. हे त्रैमासिक त्या लेखनाला आनंदाने जागा देईल.